दहावीतले पणजोबा

आमच्या गावच्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर काशाची एक जड, गोल चकती आहे. साधारण बशीएवढी. घरात तिला सगळे 'बसऱ्याची ताटली' म्हणतात. तिच्यावर एक उभी बाई आहे, हातात पानांचं कडं धरलेली, आणि तिच्या पायाशी सिंह. बाई आणि सिंह म्हटल्यावर कोकणातल्या घरात दुसरं कोण असणार? माझ्या आजीने तिला देवी मानून नवरात्रात हळदकुंकू वाहिलं, तिच्यानंतर काकूने वाहिलं. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि कुंकवाने चकतीच्या उजव्या बाजूची एक चौकोनी जागा पार लिंपून गेली होती.

पणजोबांबद्दल घरात तीनच गोष्टी ठाऊक होत्या. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, आजच्या इराकात, गेले. परत आले नाहीत. आणि म्हातारपणी पणजी त्यांच्याबद्दल बोलली की एवढंच म्हणायची, "ते दहावीतले." हे शेवटचं वाक्य माझ्या आत्याने जपलं होतं. आत्या आज चौऱ्याऐंशीची आहे, पणजीच्या हाताखाली वाढलेली. 'दहावीतले' म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं. सही करता न येणारा माणूस दहावी शिकलेला कसा असेल, म्हणून आम्ही ते म्हातारीचं काहीतरी बोलणं समजून सोडून दिलं होतं.

पितृपक्षात त्यांचा म्हाळ चतुर्दशीला घालतात. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची तिथी. माणूस लढाईवर गेला आणि आला नाही, म्हणजे शस्त्रानेच गेला असणार, असं घरच्या थोरांनी तेव्हा धरलं आणि ती तिथी शंभर वर्षं चालली.

तीन वर्षांपूर्वी गणपतीत गावी गेले तेव्हा भाच्याने ताटली उचलून विचारलं, "मावशी, ही देवी कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी ती मागच्या पडवीत नेली आणि चिंचेच्या कोळाने हळूहळू पुसायला घेतली. (अशी पदकं घासू नयेत, त्यांची जुनी छटा जाते, असं नंतर जाणकारांनी सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.) आधी कडेची इंग्रजी अक्षरं वर आली. स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी याने प्राण दिले, अशा अर्थाची ती ओळ होती. मग कुंकवाचा थर सुटला आणि चौकटीत उठावाची मोठी रोमन अक्षरं दिसायला लागली. पणजोबांचं नाव आणि आमचं आडनाव. आडनावाचं स्पेलिंग आम्ही आज लिहितो तसं नव्हतं, पण नाव तेच होतं. मी ते बोटाने चाचपलं आणि आत जाऊन आत्याला उठवलं. तिने चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांनाच कुंकू लावत होतो होय गं?"

ती देवी म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं बाईच्या रूपातलं प्रतीक. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने ही चकती पाठवली होती. अशा तेरा लाखांवर चकत्या ओतल्या गेल्या. मरणात सगळे सारखे, या विचाराने त्यांच्यावर हुद्दा घातला नाही. विचार चांगला, पण शोधणाऱ्याची त्याने पंचाईत होते. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, नुसतं नाव. आमच्या वाडीतल्या एका निवृत्त सुभेदारकाकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "बाय, फौजेत नाव कोण विचारतो? नंबर आण, मग बघू."

चांदीचं पदक असतं तर नंबर मिळाला असता. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या घरातलं पदक कुणीतरी अडचणीच्या वर्षी सोनाराकडे मोडलं. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पणजी तिशीच्या आत विधवा झालेली, पदरी एक पोर, आणि वरकस जमिनीचा तुकडा. काशाला भाव नव्हता म्हणून ताटली राहिली.

मग मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधायला लागले. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची ही यादी कुणालाही फुकट बघता येते. पहिले कित्येक दिवस काहीच सापडलं नाही, कारण मी 'मराठा' हे आजच्या स्पेलिंगने टाकत होते. त्या काळी सैन्यात ते 'महरट्टा' असं लिहीत. 'एम'नंतर 'ए', मग 'एच', आणि पुढे 'टी' दोनदा. ते जमलं तेव्हा नावांचा घोळ पुढे आला. लिहिणारा कारकून ऐकेल तसं लिही. शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार, चव्हाणची चार रूपं. कित्येकांचं आडनावच नाही, नुसतं पहिलं नाव आणि बापाचं नाव. पण हिंदी सैनिकांच्या नोंदींत बऱ्याच वेळा शेवटी एक ओळ असते, आणि सगळा शोध त्या ओळीवर चालतो: अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तमुक तालुका, जिल्हा रत्नागिरी किंवा सातारा. तेव्हाचा जिल्हा डोक्यात ठेवायचा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, त्याआधीचं देवगड, मालवण सगळं रत्नागिरीत. महाड कुलाब्यात.

मी 'खेड' टाकलं आणि पणजोबांचं नाव सापडलं. त्या रात्री मी सगळ्या भावंडांना फोन केले. १०३ वी महरट्टा लाइट इन्फंट्री, मृत्यू १९१७, सगळं होतं. चार महिने मी त्या माणसाच्या मागे होते. त्याची पलटण वाचली, लढाया वाचल्या, नकाशे काढून भिंतीला लावले. एका संध्याकाळी ती नोंद परत उघडली आणि 'खेड' नंतरचा शब्द पहिल्यांदा नीट वाचला. पूना. ते खेड म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, आजचं राजगुरुनगर. आमचं खेड रत्नागिरीतलं. मी दुसऱ्याच कुणाच्या पणजोबांसाठी रडले होते. त्यांचं नाव मी माझ्या वहीतून खोडलं नाही. त्यांच्या घरच्यांपैकी कुणी शोधायला आलं तर माझ्याकडचं सगळं त्यांना देईन.

चूक का झाली ते उघड होतं. पणजोबांच्या वडिलांचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. पणजोबा गेले तेव्हा आजोबा तीन वर्षांचे होते, त्यांना कोण सांगणार? म्हणून मी लष्कराचे कागद बाजूला ठेवले आणि महसुलाचे धरले. माझ्या अनुभवात ही वाट सगळ्यांत उपयोगाची ठरली, आणि ती सहसा कुणी सुचवत नाही. खातेदार मेला की वारसाची नोंद होते. माणूस कुठेही मरो, बसऱ्यात नाहीतर बेळगावात, जमीन गावातच असते आणि फेरफार गावातच होतो. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, मी आधी पाहिलं होतं. त्यात काही नव्हतं आणि असणारही नव्हतं, कारण मृत्यू गावात झालाच नव्हता.

फेरफाराच्या नकलेसाठी एका कार्यालयात सहा खेपा झाल्या. दोनदा सांगितलं, ती बाडं वाळवीने खाल्ली. एकदा सांगितलं, मोडीत असलेलं आम्ही देत नाही. सहाव्या खेपेला तिथल्या एका बाईंनी स्वतः उठून, तोंडाला पदर बांधून, माळ्यावरचं गाठोडं काढून दिलं. ती वाळवी बाडाच्या एका कोपऱ्यालाच लागली होती. आमचं पान धड होतं.

मोडी मला येत नाही. चिपळूणला एक निवृत्त शिक्षक जुने दस्त वाचून देतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग लावलं आणि एका दमात वाचत गेले, जसं काही रोजचं वर्तमानपत्र. खातेदार अमुक बिन तमुक, लष्करात नोकरीस असता लढाईवर मयत, वारस मुलगा अज्ञान, अ. पा. क. (अज्ञानाची पालनकर्ती) म्हणून आई. सन १९१९. 'बिन' नंतर खापरपणजोबांचं नाव होतं. मी त्यांना तो शब्द तीनदा वाचायला लावला. आणि पालनकर्ती म्हणून पणजीचं नाव होतं. घरात तिला सगळे 'आई' आणि 'म्हातारी आई' म्हणत. तिचं नाव मी पहिल्यांदा तिथे ऐकलं.

आता परत यादीकडे. बापाचं नाव, आमच्या गावाचं इंग्रजीत पार मोडलेलं नाव, खेड, रत्नागिरी. नोंद पहिल्याच पानावर होती. आडनावाचं स्पेलिंग ताटलीवर होतं तसंच. शिपाई. नंबर चार आकडी. आणि पलटण ११० वी महरट्टा लाइट इन्फंट्री.

नंबर कागदावर लिहून सुभेदारकाकांकडे गेले. त्यांनी पलटणीचा आकडा वाचला आणि मांडीवर थाप मारली. "अगं, ही तर दहावी!" १९०३ साली तेव्हाच्या सरसेनापती किचनरने हिंदी सैन्याचे आकडे नव्याने लावले तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. सरकारी कागद बदलले, शिपायांची जीभ बदलली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनला आजही 'काळी पाचवी' म्हणतात, ती ही १०५ वी. (११० वी १९२२ नंतर पाचव्या महरट्टा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, आणि पुढे छत्रीधारी होऊन आजची दुसरी पॅरा.) पणजी बरोबर सांगत होती. नवऱ्याची पलटण ती मरेपर्यंत विसरली नव्हती, आणि आम्ही ते म्हातारीचं बरळणं समजलो. या सगळ्या शोधात मला लागलेली एकच गोष्ट मोठी वाटते ती ही. जुन्या माणसांचं न कळलेलं वाक्य टाकून देऊ नये, जसंच्या तसं लिहून ठेवावं.

पुढे स्मारकाचा रकाना. बसरा मेमोरियल. कबर नाही, म्हणून नाव स्मारकात. मला वाटलं, निदान तिथल्या भिंतीवर तरी नाव असेल. शोधलं तर कळलं की नाही. १९२९ साली उघडलेल्या या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण तीस हजारांहून जास्त हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. नावं छापील नोंदवहीत तेवढी राहिली. २०२१ साली कमिशनने स्वतःच चौकशी समितीचा अहवाल काढून ही असमानता मान्य केली आणि माफी मागितली. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली ते बसऱ्याच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

कोकणात, साताऱ्याकडे कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यांच्यावरही आकडेच. लंडनजवळ राहणारा माझा मामेभाऊ माझ्यासाठी दोन शनिवार क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसला आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, युद्धदैनंदिन्यांचे फोटो काढून पाठवले. तिथेही तेच. साहेब जखमी झाला तर नावानिशी नोंद, शिपाई पडले तर 'आय.ओ.आर.' आणि पुढे आकडा. म्हणजे हिंदी, इतर हुद्दे. मी तो आकडा दिसला की थांबायचे. त्यातला एक आमचा असेल का, असं वाटायचं.

पण आमचा त्या आकड्यांत नव्हता, कारण तारीख वेगळंच सांगत होती. ऑगस्ट १९१६, तिसरा आठवडा. त्या तारखेला ११० वी लढतच नव्हती. ती कैदेत होती.

सहावी पूना डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिसच्या काठाने बगदादकडे गेली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये सलमान पाकजवळ, टेसिफॉनला, साडेचार हजारांच्या वर माणसं पडली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरून कूत अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरले, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजा तीनतीनदा थोपवल्या गेल्या. आत धान्य होतं ते दळायला पुरेशी जाती नव्हती, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. आमच्या घराच्या ओटीवर पणजीचं जातं अजून आहे. ती इथे नाचणी दळत असेल तेव्हा तिकडे हे सातूच्या पिठासाठी आभाळातून दगड पडायची वाट बघत होते. पुढे घोडे कापायला लागले. बहुतेक हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली तरी बराच काळ खाईनात. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिरड्या सुजून माणसं झिजत गेली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण आली.

त्यांना आधी शुमरानच्या तळावर नेलं, मग बगदाद. तिथून थोडं रेल्वेने समारापर्यंत, आणि पुढे उन्हाळ्याच्या वाळवंटातून पायी: मोसुल, नुसैबिन, रास अल-ऐन. रास अल-ऐन आज सिरियात आहे, तुर्कस्तानच्या सीमेला लागून. तिथे हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. पणजोबा तिथवर पोचले की वाटेत कुठे पडले, ते कुठल्याच कागदात मला मिळालं नाही. जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं लोकांसाठी खुली केली आहेत. त्यांतही मी बसून पाहिलं, आमचं कार्ड नाही सापडलं. पंजाबच्या लोकांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या तीन लाखांवर सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि आता शोधता येतात.

एवढं घेऊन मी गेल्या वर्षी श्रावणात गावी गेले. आत्याला आणि थोरल्या काकांना ओटीवर बसवून सगळं सांगितलं. वेढा सांगितला, घोडे सांगितले, चाल सांगितली. आत्या मध्येच म्हणाली, "म्हणजे पोट भरलेलं नव्हतं त्यांचं." मी म्हटलं, नाही. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी पान वाढताना नेहमी भाताचा दुसरा वाढा घालायची. आम्ही विचारायचो, म्हाळाच्या पानावर दोनदा कशाला? म्हणायची, असू दे."

काकांच्या मनात वेगळाच प्रश्न होता. शस्त्राने गेले नाहीत, तर चतुर्दशी चुकीची. मी शके १८३८ ची तिथी काढून नेली होती. ती तारीख श्रावणाच्या वद्य पक्षात पडते. काकांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, तिथी कळली आहे तर म्हाळ त्या तिथीलाच घाला. आत्या पलीकडून ऐकत होती. "आणि चतुर्दशीला?" तिने विचारलं.

काका थोडं थांबले. "शंभर वर्षं चतुर्दशीला जेवायला येतायत," ते म्हणाले, "ते काय आता बंद करायचं? दोन्ही दिवस वाढू."

भाद्रपदात दोनदा पान वाढलं. दोन्ही वेळा आत्याने भाताचा दुसरा वाढा स्वतःच्या हाताने घातला, आणि ताटलीच्या मागे मी पणजोबांचा नंबर आणि पणजीचं नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवून ठेवली.